सकपाळ सरांची मुकी बस

भूगोल शिकवणारा माणूस मुंबई-गोवा रस्त्यावर हरवला, असं मी म्हणालो की ऐकणारे आधी पोटभर हसून घेतात. घेऊ देत. पण खरं सांगायचं तर सकपाळ सर हरवले नव्हते. आम्ही त्यांना जेवणाच्या हॉटेलात सोडून पुढे निघून गेलो होतो, आणि तेही बेशिस्तीने नव्हे. त्यांनीच घालून दिलेली शिस्त आम्ही तंतोतंत पाळली म्हणून.

सर आमच्या परळच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि उरलेल्या वेळात कॉलेजचं समूहगान पथक चालवायचे. उरलेला वेळ म्हणजे भूगोलाचे तास धरून. उंच, काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, आणि हात मात्र त्या शरीराला शोभणार नाहीत इतके लांब. वर्गात नकाशावर कृष्णा-गोदावरी दाखवतानाही त्यांचे हात असे वळायचे, जणू नद्यांनी आता आपापल्या जागी सूर लावावा.

मी इतिहास शिकवतो. सुरांशी माझं नातं शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी असतं तेवढं. तोंडओळख आहे, घरी जाणं-येणं नाही. हे सरांना मी नोकरीला लागल्यावर पहिल्याच झेंडावंदनाला कळलं. ते माझ्या शेजारी उभे होते. राष्ट्रगीत संपलं, प्राचार्य भाषणाला उभे राहिले, तेव्हा सर माझ्या कानाशी वाकून अतिशय अदबीने म्हणाले, "दळवी, तुमचं देशप्रेम दिसू दे. ऐकू नको येऊ दे." त्या दिवसापासून आमची मैत्री झाली. पुढे पथकाच्या दौऱ्यांवर दुसरे शिक्षक म्हणून ते मलाच मागून घ्यायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, "तुमच्यापासून धोका नाही. तुम्ही मुलांना सूचना करणार नाही."

माणसाला सगळ्या जगाचे सूर ऐकू यायचे. कॉलेजची घंटा काळी चारला आहे पण किंचित उतरलेली आहे, असं त्यांनी प्राचार्यांना एकदा सांगितलं. प्राचार्य म्हणाले, वेळेवर वाजते ना, मग झालं. सरांना ते पटलं नाही. त्यांनी शिपायाला पटवून सुट्टीच्या दिवशी घंटेची कड कानस मारून घासून घेतली. सोमवारी घंटा वाजली तेव्हा आम्हाला कुणालाच काही फरक कळला नाही. सर मात्र व्हरांड्यात डोळे मिटून उभे होते, आणि शिपाई त्यांच्याकडे असा बघत होता, जणू दोघांनी मिळून कुणाचं तरी लग्न जमवलंय.

कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पथक उत्तम गायलं की ते "चालेल" म्हणायचे. फारच उत्तम गायलं तर काहीच न बोलता खिडकीबाहेर बघायचे. आमच्या खिडकीतून पूर्वी गिरणीचं धुराडं दिसायचं, आता काचेचा टॉवर दिसतो. मुलांमध्ये म्हणच होती, आज सरांनी टॉवर बघितला.

पथकातल्या आवाजांना त्यांनी दिलेली नावं मी कुठल्याही संगीताच्या पुस्तकात वाचलेली नाहीत. खर्जातली मुलं म्हणजे तळमजला. त्यावरची मुलं पहिला माळा. खालच्या पट्टीतल्या मुली दुसरा माळा. आणि उंच आवाजाच्या मुली म्हणजे गच्ची. सर लालबागच्या चाळीत वाढलेले. चार आवाज एकावर एक कसे उभे राहतात हे समजावायला त्यांच्यापाशी दुसरं काय असणार? तालीम चालू असली की जिन्यात ऐकू यायचं, "तळमजला गळतोय", "दुसऱ्या माळ्याने भांडी घासणं थांबवा", "गच्चीवर एवढी गर्दी कशाला, पतंग उडवताय का?"

माणसं कुठून उचलतील याचा नेम नव्हता. तन्वी ही आमच्या पथकाची पुढे म्होरकी झालेली मुलगी. शीव कोळीवाड्यातली, आवाज घरच्या मासळीच्या टोपलीवर कमावलेला. पहिल्या वर्षाला असताना ती कॅन्टीनवाल्यावर वडा थंड दिल्याबद्दल ओरडत होती. सर तीन जिने उतरून आले. मुलगी घाबरली, आता तक्रार जाणार. सर म्हणाले, मघाशी ओरडलीस तसं परत ओरड, शब्द तेच ठेव. तिने वड्याची तक्रार पुन्हा केली, या वेळी भीतीमुळे जरा वरच्या पट्टीत. सर म्हणाले, "गच्ची," आणि निघून गेले. बिचारी कितीतरी दिवस समजून होती की आपल्याला शिक्षा म्हणून गच्चीवर उभं राहायचंय, आणि गच्चीला तर कुलूप.

आणि मिरचीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत. त्यांच्या चाळीच्या खालीच मसाले कुटायची गिरणी होती. उन्हाळ्यात सगळी मुंबई वर्षाचा मसाला करायला लालबागला लोटते, तेव्हा त्या घरातली माणसं श्वास रोखूनच जेवायची. सरांचं म्हणणं, आपला दम तिथे तयार झाला. मग मुलांचाही तिथेच व्हायला हवा. एका मे महिन्यात ते अख्खं पथक घेऊन मसाल्याच्या गल्लीत गेले. आत बेडगी आणि संकेश्वरी कुटली जात होती, हवेत तांबडी धूळ, रांगेतल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या, आणि या सगळ्यात आमची पोरं एक सूर धरून उभी. शिंकेल तो बाद. पहिला माळा लगेच कोसळला. गच्ची डोळ्यांतून पाणी काढत टिकून राहिली. तळमजल्याचा शेवटचा मुलगा लालबुंद होऊन हार मानणार, एवढ्यात गल्ली हादरेल अशी शिंक आली. ती सरांची होती. रांगेतली एक बाई म्हणाली, "मास्तर, तुम्ही बाद." सर निमूटपणे बाजूला जाऊन उभे राहिले. पुढचा सगळा सराव त्यांनी फुटपाथवरून, तोंडाला रुमाल लावून, एक शब्द न बोलता बघितला. नियम म्हणजे नियम.

आता गाण्याबद्दल. हे गाणं कळलं नाही तर पुढची धावपळ कळणार नाही.

सरांचे वडील गिरणीत साच्यावर कापड विणायचे. संध्याकाळी हातात खंजिरी. भीमजयंतीला चाळीच्या चौकात त्यांची पार्टी गायची आणि एक गाणं त्यांनी स्वतः रचलेलं होतं. 'ओंजळ माझी भरली गं, आता तहान कशाची' असं त्याचं धृपद. कुठल्या तळ्यावरची ओंजळ हे त्या चौकात कुणाला सांगावं लागत नव्हतं. पण सरांना कळू लागलं तोवर वडिलांच्या छातीत कापूस बसला होता. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आले की ढास लागायची. ते खंजिरी उंच धरून वाजवत राहायचे, लोक टाळ्यांचा ठेका धरायचे, आणि गाणं तिथेच संपायचं. सर समजून होते की गाणं तेवढंच आहे.

वडील गेले, पार्टीतली माणसं एकेक करून गेली. आणि मग बऱ्याच वर्षांनी गावाहून इंदूआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, फोनवर सहज म्हणाली की अजून एक कडवं आहे. तिने शब्द सांगितले. चाल विचारली तर म्हणाली, माझ्या तोंडात दात नाहीत, मी काय म्हणणार? तू म्हण, चुकलास तर सांगते. सरांनी त्या कडव्याला स्वतःच चाल लावली आणि सगळं गाणं चार आवाजांत बसवलं. पण ते तिला फोनवर म्हणून दाखवेनात. एकट्याने म्हणायचं गाणं नाही ते, म्हणाले. आत्या म्हणाली, मग आण तुझी पलटण इथे.

म्हणून त्या वर्षीच्या कोकण दौऱ्याचा पहिला कार्यक्रम खेडजवळच्या त्यांच्या गावात ठरला, शाळेच्या पटांगणात. पुढे रत्नागिरी, सावंतवाडी, गोवा. बाकी सगळे कार्यक्रम मोठ्या सभागृहांत होते, पण सरांची झोप उडाली होती ती या पटांगणाने. वडिलांनी ते गाणं शेवटपर्यंत म्हटलेलं ऐकलेली आत्या ही एकच व्यक्ती उरली होती. तिने मान हलवली तर गाणं पुरं होणार होतं. नाही हलवली, तर सर वडिलांच्या गाण्याला परक्या कापडाचं ठिगळ लावून गावोगाव मिरवणार होते. तालमीत ते कडवं त्यांनी प्रत्येक माळ्याला वेगवेगळं बसवलं, पण सगळ्यांना एकत्र म्हणू दिलं नाही. तिथवर आलं की हात खाली टाकायचे. "पुरे. तिथे बघू."

निघायच्या दिवशी पहाटेच बस कॉलेजच्या फाटकाशी लागली. बसचा चालक बाबी, मूळचा मालवणकडचा, गप्पांचा भुकेलेला माणूस. त्याला बिचाऱ्याला कल्पना नव्हती की आपण काय वाहून नेणार आहोत. कारण दौऱ्याच्या पहिल्या दिवशी सरांचा नियम होता: संध्याकाळच्या कार्यक्रमापर्यंत बसमध्ये कुणी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांचं म्हणणं, पोरं प्रवासात गाण्याने नव्हे, गप्पांनी घसा बसवतात. खिडकीबाहेरच्या वाऱ्यावर ओरडून बोलतात, अंताक्षरी खेळतात, आणि संध्याकाळी स्टेजवर बेडूक उभे राहतात. फोन हातात असला की बोलणं होतंच, म्हणून सगळे फोन एका कापडी पिशवीत. त्यात सरांचा आणि माझाही. खुणा ठरलेल्या होत्या. तळहात दाखवला तर पाणी, करंगळी तर करंगळी, आणि मूठ वर केली तर उलटी, बस थांबवा. मागे वळून बघायचं नाही, कारण वळलं की नजरानजर होते, नजरानजर झाली की हसू येतं, आणि हसू आलं की सगळंच येतं.

सर स्वतः बसायचे शेवटच्या बाकावर, एकटे. तिथून चाळीस माना दिसतात, म्हणायचे. मान जरा जरी शेजारी कलली तरी मागून चुटकी वाजायची.

हजेरीची तर गंमतच होती. नाव पुकारून 'हजर' म्हणायला बोलावं लागतं, ते चालायचं नाही. म्हणून बस सुटण्याआधी सर खाली उभे राहून हात करायचे आणि एकेक माळा तोंड मिटून आपापला सूर धरायचा. तळमजला, पहिला, दुसरा, गच्ची. चारही मिळून इमारत उभी राहिली की सर एक क्षण ऐकायचे. एखादा कमी असला तर त्यांना कळायचं, कोण ते सुद्धा. मग बसच्या पत्र्यावर थाप मारून मागच्या दाराने चढायचे. या हजेरीत मी नव्हतो. मला तोंड उघडायला आणि मिटून गुणगुणायलाही मनाई होती. आणि सर नव्हते, कारण ते कधी गात नसत. मोजणाऱ्याला कोण मोजणार?

पेणला पहिला थांबा झाला. चहा, करंगळ्या, हजेरी, थाप. बाबी आरशातून बघत होता. पनवेलपासून त्याने मला दोन-तीनदा काहीबाही विचारलं होतं आणि मी ओठांवर बोट ठेवलं होतं, तेव्हा त्याने माझी कीव करून मान फिरवली होती. पण ही गुणगुण त्याला आवडली. बसभर मधमाश्या भरल्यासारखं वाटतं, म्हणाला. म्हणजे मला नंतर म्हणाला. तेव्हा त्याला कळलं एवढंच, की मधमाश्या पूर्ण भरल्या की बस काढायची.

रस्त्याच्या कामात अडकत माणगावच्या पुढे पोचेतो दुपार कलली, तेव्हा एका हॉटेलात जेवण झालं. पोरं मुक्याने जेवली, मुक्याने चढली. सर खाली उभे राहिले, हात केला, तळमजला लागला, पहिला माळा लागला. आणि त्याच वेळी हॉटेलच्या स्वयंपाकघरात कुणीतरी खोबऱ्याचं वाटण करायला मोठा मिक्सर लावला.

आता तुमच्या-माझ्या दृष्टीने तो मिक्सर. सरांच्या दृष्टीने तो दुसऱ्या माळ्याच्या सुराच्या अगदी शेजारचा, जरासा उतरलेला सूर होता, आणि मुली त्याच्याकडे ओढल्या जात होत्या. सरांनी तन्वीला खिडकीतून खूण केली: धरून ठेवा. आणि मिक्सर बंद करा हे सांगायला ते आत गेले. तन्वीने धरून ठेवलं. आत मिक्सर थांबला. दुसरा माळा जागेवर आला, गच्ची चढली, इमारत अशी काही उभी राहिली की मला सुद्धा काहीतरी छान होतंय असं वाटलं. बाबीलाही वाटलं. मागचं दार वाऱ्याने आपटलं, ती त्याला, आणि आम्हालाही, सरांची थाप वाटली, आणि त्याने बस काढली.

पुढचा तासभर बसमध्ये जी शांतता होती तिच्याबद्दल मी कौतुकाने भरून गेलो होतो. मी पुढे बसलो होतो. चाळीस तरुण मुलं-मुली, पोटात गरम जेवण, बाहेर कोकण, आणि कुणाच्या घशातून हूं नाही. एकही मान हलत नव्हती. मी मनात म्हणालो, याला म्हणतात वचक. वचक होताच. एका रिकाम्या बाकाचा होता.

फुटलं ते उलटीने. पोलादपूरच्या पुढे वळणं सुरू झाली आणि दुसऱ्या माळ्यावरच्या एका मुलीने मूठ वर केली. मागून काही झालं नाही. तिने मूठ अजून उंच केली. एका हाताने तोंड दाबलेलं, दुसऱ्या हाताची मूठ आकाशात, मोर्चात निघाल्यासारखी ती मुलगी किती वेळ बसून होती देव जाणे. शेवटी तिने नियम मोडून मागे बघितलं, तोंडावरचा हात काढला आणि म्हणाली, "सर नाहीत."

मग जे झालं ते तुम्ही कल्पना करा. सकाळपासून साठवलेले चाळीस आवाज एकदम सुटले. बाबी दचकून बस कडेला घेऊन थांबला आणि मुलगी आधी उतरून मोकळी झाली. हॉटेलचं नाव कुणाला आठवेना. सरांना फोन लावा म्हणून कुणीतरी ओरडलं, आणि पिशवी उघडून लावलाही. पिशवीतच वाजला.

मी म्हणालो, मागे फिरू. बाबी म्हणाला, फिरू, पण मग कार्यक्रमाच्या वेळेला पोचत नाही. अर्धी पोरं फिरूया म्हणाली, अर्धी रडायच्या बेतात होती, आणि एवढ्यात सरांचा फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. सरांना स्वतःचा सोडून जगातला एकही नंबर पाठ नव्हता, म्हणून त्यांनी हॉटेलच्या आचाऱ्याच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला होता.

तन्वीने उचलला आणि आवाज मोठा केला. सर कुजबुजत होते. त्यांचा नियम ते तिथेही पाळत होते.

"आवाज कसे आहेत?"

"सर, तुम्ही मागे राहिलात."

"ते मला दिसतंय. आवाज कसे आहेत?"

"बरे आहेत, सर. आम्ही परत येतो."

"यायचं नाही. आत्या संध्याकाळपासून तिथे बसून राहील. तुम्ही पोचा, कार्यक्रम सुरू करा. मी मिळेल त्या गाडीने येतो." मग आणखी हळू म्हणाले, "बाबांचं गाणं मात्र मी नसताना घ्यायचं नाही. मी नाही पोचलो तर ते राहू दे."

तन्वी हो म्हणाली. फोन ठेवल्यावर ती जागेवर जाऊन बसली, आणि मग कुणीही न सांगता बस पुन्हा मुकी झाली. बाबीनेसुद्धा हॉर्न वाजवला नाही.

गाव रस्त्याला लागूनच होतं. पटांगणात मांडव, बाजूने कनात, पुढे सतरंज्या, आणि पहिल्या सतरंजीवर मधोमध इंदूआत्या. एवढीशी, वाळकी, पांढरी साडी, डोळ्यांना जाड चष्मा. तिने पोरांकडे नीट बघून घेतलं आणि भाचा कुठे विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, लहानपणी जत्रेतही असाच राहायचा, ताशावाल्याजवळ उभा.

कार्यक्रम सुरू झाला. पोरं हातवाऱ्यांशिवाय, एकमेकांच्या श्वासावर गात होती. गाव खूश होतं. मी रस्त्याच्या बाजूला कनातीबाहेर उभा राहून येणारी प्रत्येक गाडी बघत होतो. एसटी आली, त्यात सर नव्हते. जीप आली, नव्हते. शेवटचं गाणं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तन्वीने हात जोडले.

आत्या जागची हलली नाही. "माज्या भावाचं गानं राह्यलं," म्हणाली.

तन्वी खाली उतरून तिच्याजवळ गेली आणि सरांनी काय सांगितलं ते सांगितलं. सर नसताना घ्यायचं नाही, त्यांचा शब्द आहे. आत्याने ऐकून घेतलं, मग मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गानं त्याचं न्हाय, माज्या भावाचं हाय. आनि मी जित्ती हाय तवर माला इचारायचं. म्हना."

तन्वी कोळीवाड्यातली मुलगी. म्हाताऱ्या बाईचा शब्द मोडायचा नाही एवढं तिला कुणी शिकवावं लागलं नसणार. ती परत वर गेली, तळमजल्याकडे बघितलं, आणि गाणं सुरू झालं.

त्याच वेळी रस्त्यावर कोंबड्यांचा टेम्पो थांबला. मागून सर उतरले. पांढऱ्या बुशशर्टावर पिसं, केसांत पिसं. टेम्पोवाल्याला हात करून ते वळले आणि दोन पावलं टाकून थबकले. मांडवातून धृपद येत होतं. मला वाटलं, आता धावत आत जातील. ते माझ्यापाशी आले आणि कुजबुजले, मी नको म्हणालो होतो. मी म्हणालो, आत्या. ते तिथेच कनातीला कान लावून उभे राहिले.

आपलं पथक त्यांनी आयुष्यात कधी बाहेरून ऐकलं नव्हतं. ते कायम समोर, हात हवेत. इथे कनातीच्या मागे त्यांना काही दिसत नव्हतं आणि काही करताही येत नव्हतं. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. पोरं तिथे थांबली नाहीत. चारही माळे पहिल्यांदाच एकत्र त्या कडव्यात शिरले. आणि मग त्या चाळीस आवाजांच्या खालून एक फाटका, थरथरता आवाज ऐकू यायला लागला. आत्या गात होती. शब्द तेच. चाल तीच की वेगळी, हे मला कळायला मार्ग नव्हता.

गाणं संपलं. सर माझ्याकडे वळले. "दळवी, ऐकलंत?"

"ऐकलं."

"जुळत होतं?"

"सर, तुम्ही मला विचारताय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जणू मी कोण ते आत्ता आठवलं, आणि कनात बाजूला सारून ते आत गेले. मी मागून. मांडवात एकच कल्लोळ झाला, पोरं उड्या मारायला लागली, पण सर सरळ आत्याकडे गेले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"आत्ये, चुकली?"

"ही चाल तुझी हाय," आत्या म्हणाली. "माज्या भावाची न्हाय."

सरांचा चेहरा मी बघितला. कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. ते काही बोलणार, तेवढ्यात आत्याने तन्वीला हात केला. "परत म्हना. शेवटचं तेवडं."

पोरांनी सरांकडे बघितलं. सर सवयीने उठले, वळले, हात वर गेले.

"हात कशाला हलिवतोस?" आत्या म्हणाली. "माश्या हाकलतोस काय? त्यांना येतंय. तू बस हितं."

मांडव हसला. तन्वी हसली. सर बसले, तिच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून. ते लांब हात कुठे ठेवावे हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांड्यांखाली दाबून टाकले.

पोरांनी कडवं उचललं, सरांच्या चालीत, पूर्ण आवाजात. आणि आत्या त्यांच्याकडे सरकली, त्यांच्या खांद्यावरचं एक पीस काढून टाकलं, आणि त्यांच्या कानाला तोंड लावून तेच कडवं स्वतःच्या भावाच्या चालीत हळूहळू म्हणायला लागली.

सर आता निवृत्त झालेत. त्यांनी नंतर ती चाल बदलली की ठेवली, हे पथकातल्या मुलांना माहीत असेल; मला कुणी सांगितलं तरी ऐकून कळणार नाही. मला दिसतात ते मांडवातले सर. संध्याकाळ उतरलेली, समोर चाळीस पोरं मोठ्याने गातायत, आणि सकपाळ सर मान खाली घालून, ओठ किंचित हलवत, एका दात नसलेल्या बाईकडून ओळीमागून ओळ पाठ करतायत.